जन्माआधीचं दार

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांच्या दुकानांना लागून तिखट कुटायची गिरणी आहे. तिच्यासमोरून जाताना उर्वशी दिघोरेला शिंक आली आणि ती भर रस्त्यात थांबली. शिंक साधीच होती, तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला येते तशी. मागून ऑटोवाला ओरडला, "ओ मॅडम, सरका ना बाजूले!" पण ती सरकली नाही. हातातली पिशवी खाली ठेवून तिने छातीवर तळवा टेकवला. आत्ता उघडलं, तिला वाटलं. आत्ता उघडलं आणि मिटलं. काही दुखलं नव्हतं, धडधड वाढली नव्हती, भांडीवाला एका बाईला पाण्याचा पितळी गुंड दाखवत होता आणि त्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकवत होता, सगळं जिथल्या तिथे होतं. छत्तीस वर्षं हे असंच उघडत-मिटत आलं असणार, प्रत्येक शिंकेला, प्रत्येक खोकल्याला, बांधावरून मोजणीची तिपाई खांद्यावर घेऊन चढताना, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता नव्हता तोवर ते नव्हतंच. ऑटोवाला शेवटी स्वतःच वळसा घालून निघून गेला. तिने पिशवी उचलली, आणि उचलताना श्वास रोखला गेला हेही तिच्या लक्षात आलं. या सगळ्याकडे लक्ष जाऊ लागलं होतं, याचाच तिला राग आला.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर झोपवून ते पडद्यावर दाखवलं होतं. नर्सने सलाईनचं पाणी दोन सिरिंजांमधून इकडून तिकडे ढकलत फेसाळवलं आणि दंडातल्या शिरेत सोडलं. पडद्यावर हृदयाचा उजवा कप्पा बघता बघता पांढरा झाला, जसं काही कुणी आत पीठ उधळलं. डावा कप्पा काळाच राहिला. "आता पोटावर जोर लावा," डॉक्टर म्हणाले, "संडासला बसल्यासारखा. लावा, लावा, धरून ठेवा. सोडा." तिने सोडलं, आणि भिंतीच्या मधोमध काहीतरी फडफडलं, पातळ पडद्यासारखं, आणि त्याच्या फटीतून पांढरे ठिपके काळ्या बाजूला आले. एक, मग दोन-तीन, मग घोळकाच. ते तिथे पोहू लागले. ते बघताना तिला भीती वाटली नाही. तिला वाटलं, अच्छा, म्हणजे तुम्ही होतात. डॉक्टरांनी मग कागदावर हृदय काढून समजावलं. पोटातलं बाळ हवेचा श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसं मिटलेली असतात, म्हणून रक्ताने तिथे न जाता थेट पलीकडे जावं यासाठी दोन कप्प्यांच्या मधे एक दार असतं. बाळ जन्मतं, पहिल्यांदा रडतं, आणि ते दार भिंतीला टेकतं. बहुतेकांचं पुढे चिकटून जातं. चारांतल्या एकाचं नुसतंच टेकलेलं राहतं.

"म्हणजे चारांतला एक माणूस आजारी असतो?" तिने विचारलं.

"छे. म्हातारपणापर्यंत कळतही नाही. तुम्ही समुद्रात गेलात म्हणून कळलं."

समुद्रात ती कशी गेली हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एकोडीला तलावाच्या कडेला धिवरांच्या घरात जन्मलेल्या मुलीला पाण्याची नवलाई असायचं कारण नव्हतं. बाप, बुधराम, डोंग्यातून जाळं टाकायचा. जाळं तळच्या खुंटांना अडकलं की भाऊ बुडी मारून सोडवायचे. मुलींनी तलावाच्या पाळीवर उभं राहून मरळ मासे आणि झिंगे वेगळे करायचे. एकदा घरचे बाजाराला गेले असताना ती एकटीच उतरली होती आणि पाण्याखाली डोळे उघडले होते. हिरवट काळोख. स्वतःचा हात नाकासमोर धरला तरी दिसेना. पाणी म्हणजे हाताने चाचपायची गोष्ट, हे तिने त्या दिवशी मान्य करून टाकलं होतं. मग शिकली, भूमी अभिलेखात भूकरमापक झाली, भंडाऱ्यात खोली घेतली, तालुकाभर शेतांच्या हद्दी मोजत फिरू लागली. आणि तेहतिसाव्या वर्षी कुणा मैत्रिणीच्या नादाने मालवणला गेली असताना पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली गेली, तर तिला स्वतःचे पाय दिसले. पायांच्या खाली वाळू, वाळूवर आपलीच सावली, आणि सावलीच्या पलीकडे जिकडे बघावं तिकडे दिसतच होतं. तिला रडू आलं. डोळ्यांवरच्या मास्कच्या आत रडलं की डोळे पुसता येत नाहीत, हेही तिला तिथेच कळलं. मोजणीला गेलं की दोन्ही शेतकरी कानाशी बोलत राहतात, मॅडम बघा, मॅडम त्यानं हद्दीचा धुरा खाल्ला, मॅडम तुम्ही त्याच्याकडून आहात; इथे स्वतःच्या श्वासाखेरीज कुणीच बोलत नव्हतं. त्यानंतर ती दरवर्षी रजा साठवून जाऊ लागली. नागपूरला औषधांचा व्यापार करणारा अतुल अंदमानला माणसं घेऊन जायचा, त्याच्या टोळीत ती सामील झाली, परीक्षा देऊन पाणबुड्याचं कार्ड मिळवलं, आणि खोल, आणखी खोल उतरायला शिकली.

गेल्या वर्षी अंदमानात जे झालं त्यात तिची चूक काहीच नव्हती. मनगटावरच्या कॉम्प्युटरने दिलेल्या हद्दीतच ती होती, वर येताना थांबायचं तिथे थांबली होती. त्या दिवशीची ती दुसरी बुडी होती आणि सगळ्यांत खोल. वर आल्यावर शिडीने बोटीत चढली, पाठीवरचं सगळं वजन तसंच घेऊन, कारण दुसऱ्याच्या हाती आपलं सामान देणं तिला कधी जमलं नव्हतं. आणि मग इतरांचेही सिलिंडर ओढून जागेवर लावू लागली. अतुल म्हणाला होता, "अरे बस ना उर्वशी, पोरं आहेत त्याच्यासाठी," आणि ती हसून म्हणाली होती, "तुमच्या पोरांपेक्षा मी लवकर करते." थोड्या वेळाने पोटाला खाज सुटली. सूट खाली ओढून बघितला तर पोटावर, मांड्यांवर जांभळ्या-लाल रेषांचं जाळं उमटलं होतं, संगमरवरी फरशीवर असतं तसं. ते तिला क्षणभर सुंदरही वाटलं. मग बोट गोल फिरायला लागली, फक्त तिच्याचसाठी, आणि डाव्या हातातली पाण्याची बाटली पडली ती पडताना तिला जाणवलीच नाही. ऑक्सिजनचा मास्क, पुन्हा बोट, पोर्ट ब्लेअर, आणि मग तो लोखंडी डबा, ज्यात माणसाला हवेच्या दाबाखाली ठेवतात आणि हळूहळू, फार हळूहळू बाहेर आणतात. त्या डब्यात पडल्या पडल्या ती डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावत होती. करंगळी लागत नव्हती. दाब वाढला, कानांना दडे बसल्यासारखं झालं, आणि करंगळी लागली. तिने ती पुन्हा पुन्हा लावून बघितली, रात्र सरेपर्यंत.

खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर येताना बारीक बुडबुडे होऊन शिरांमधून फिरतो. फुप्फुसं ते चाळणीसारखे गाळून टाकतात. तुमच्या बाबतीत, डॉक्टर म्हणाले, चाळणीला वळसा घालणारी वाट उघडी आहे, आणि जोर लावला की ती जास्त उघडते. "वर आल्यावर काही उचललंत का?" त्यांनी विचारलं होतं. मोजणीचं यंत्र तिपाईसकट ती स्वतः वाहायची. शिपाई सोबत असला तरी. बाई म्हणून कुणी हात पुढे केला की तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे. न मागता आलेली मदत तिने आयुष्यभर अशी परतवली होती जसं कुणी बेकायदा अतिक्रमण परतवतं, आणि त्याला ती ताकद म्हणत आली होती.

रविवारी ती एकोडीला गेली. धान भरून आलं होतं, बांधांवर तुरीची ओळ उभी होती. आई, रंभाबाई, अंगणात जाळ्याचा फाटका भाग मांडीवर घेऊन बसली होती. उर्वशीने सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या चित्रासारखं चित्र मातीत बोटाने काढूनसुद्धा. आईने सुई थांबवली नाही.

"मंग हे माह्या पोटातूनच आलं म्हन."

"आई, चारातल्या एकाले असते ते."

"बाकीच्या तिघाईच्या माया घरी बसल्या असन. मी तुले पोटात घेऊन तलावात उतरत होती. सातवा लागला होता तरी. तुह्या बापानं जाळं टाकलं का दुसरं टोक मलेच धरा लागे."

"पाण्यात उतरल्यानं काही होत नाही."

"तुले झालं ना," आई म्हणाली.

आईने दोरा दाताने तोडला आणि प्रथमच वर बघितलं. "हात चालते का आता? धर बरं माहा हात." उर्वशीने डाव्या हाताने तिचा हात धरला. "जोरानं धर." तिने जोराने धरला. आईच्या तळव्याला जाळ्याच्या गाठींसारखे घट्टे होते. आई बराच वेळ तो हात सोडेना. "काहून जातेस समुद्रात?" ती म्हणाली. "आपल्याले पाण्याचं काय कवतिक? लोकं पोटासाठी उतरतेत पाण्यात."

"मी पाहासाठी उतरते."

"टीव्हीवर पाह." आणि मग, हात सोडून, "जाऊ नको. मी सांगून राहिली तुले. पुन्हा नको जाऊ."

परतीच्या एसटीत तिला अतुलचा फोन आला. त्याने सगळी माहिती काढली होती. "करून टाक ना उर्वशी. जांघेतून नळी घालतात, छत्रीसारखं झाकण बसवतात, दुसऱ्या दिवशी घरी. काही महिन्यांनी पुन्हा तो बुडबुड्यांचा टेस्ट, बंद दिसलं की मोकळी. मग पुढच्या वर्षी ते बुडलेलं जहाज करू आपण. तुलेच पाहायचं होतं ना?" तिलाच पाहायचं होतं. फोन ठेवल्यावर ती खिडकीला डोकं टेकवून त्या जहाजाचा विचार करत राहिली, आणि प्रथमच स्वतःला खोदून विचारलं: पाहायचं होतं की सांगायचं होतं? संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात सगळे मनगटं पुढे करून खोली सांगायचे, मी इतकी, मी इतकी, आणि तिचा आकडा बहुतेक पुरुषांच्या पुढे असायचा, तेव्हा आत जे गरम वाटायचं ते पाण्याचं नव्हतं. पाण्याचं जे होतं ते मालवणच्या त्या पहिल्या बुडीत, दोन पुरुष खोल पाण्यात, सगळंच्या सगळं मिळालं होतं. खोली त्यावर नंतर चढवलेली होती. हे तिला मान्य करावं लागलं. नागपूरच्या डॉक्टरांना तिने विचारलं होतं, माझ्या जागी तुम्ही असता तर? ते म्हणाले होते, "मी स्विमिंग पूलमध्येही उतरत नाही. झाकण बसवता येतं, त्याचेही थोडे धोके आहेत. न उतरणं हा सगळ्यांत सोपा इलाज. पण तुम्हाला सोपं हवंय असं दिसत नाही." त्यांनीच तिला पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला, पाणबुड्यांवरच उपचार करणाऱ्या.

त्या बाई व्हिडिओवर आल्या तेव्हा उर्वशी वरठीजवळच्या दोन भावांच्या शेताच्या धुऱ्यावर होती. मोजणी नुकतीच संपली होती. हद्दीचा दगड जिथे निघाला तो दोन्ही भावांना मान्य नव्हता आणि दोघेही पाठ फिरवून उभे होते. ती दूर जाऊन बोलली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिसरीही वाट आहे. झाकण न बसवता, उथळ. बारा मीटरच्या खाली उतरायचं नाही. दिवसाला एकच बुडी. जास्त ऑक्सिजन असलेली हवा वापरायची, वर येताना दुप्पट थांबायचं. वर आल्यावर शिडीला जोर नाही, वजन उचलायचं नाही, दिवसभर नाही. धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. आणि मी खरं सांगते, बहुतेकांना हे जमत नाही. जमिनीवर हो म्हणतात. पाण्यात गेलं की खाली काहीतरी दिसतं आणि माणूस जातो."

"मला जमेल," उर्वशी म्हणाली.

"कशावरून?"

तिने मागे बघितलं. मोठा भाऊ दगडाला पायाने ढोसत होता. असे दगड तिने शेकड्याने रोवले होते. लोक शिव्या देतात, वर अपील करतात, आणि पुढच्या हंगामात अगदी त्या दगडापर्यंत नांगर आणून वळवतात, आणि आतलं सगळं पीक घेतात. हद्द म्हणजे हरणं, असं तिने एकाही शेतकऱ्याला कधी म्हटलं नव्हतं. "मी मोजणीवाली आहे," ती म्हणाली. बाई हसल्या. उर्वशी हसली नाही. त्या रात्री तिने अतुलला सांगितलं की ती येते आहे, झाकण बसवणार नाही, आणि जहाज करणार नाही, आणि त्याने समजूत काढायला सुरुवात केली तेव्हा तिने त्याला मधेच थांबवलं, "अतुलभाऊ, मी विचारून नाही राहिली. सांगून राहिली."

आईला सांगणं त्याहून कठीण गेलं. शेवटी आई फोनवर म्हणाली, "वर आली का पयले मले फोन करजो. मंग बाकीचं."

जानेवारीत ती पुन्हा अंदमानच्या पाण्यात होती. तिच्यासोबत फक्त पिंटू, रांचीकडून कधीकाळी तिथे गेलेल्या घरातला एक गाइड. त्याला तिने बोटीवर सगळं समजावलं होतं आणि त्याने मान डोलावली होती. बाकीचे अतुलबरोबर उताराने खाली गेले. प्रवाळाचा उतार तिच्या पायाखालून सुरू होऊन निळ्यात जात होता, आणि तो निळा तिला ओळखत होता. तिथे खाली थंड पाण्याचा थर लागतो, तो कपाळावर कसा आदळतो ते तिला आठवलं, अंगभर आठवलं, भुकेसारखं. आणि मग कासव आलं. तिच्या अगदी जवळून, घाई नसलेल्या म्हातारीसारखं, आणि तिरपं होऊन उतारावरून खाली निघालं. पिंटू सवयीने त्याच्यामागे वळला. थोडं खाली जाऊन त्याने मागे बघितलं आणि हाताने बोलावलं, या, या, जवळच आहे. जवळच होतं. तिने मनगट बघितलं. आणखी थोडंसंच तर जायचं होतं, एवढ्याने काय होतं, असं कुणीतरी अगदी तिच्याच आवाजात म्हणालं. तिने हात पुढे करून तळवा आडवा धरला: मी इथेच. पिंटूने पुन्हा बोलावलं. तिने पुन्हा तळवा धरला, आणि धरून ठेवला. कासव निळ्यात विरघळलं. तिला इतकं वाईट वाटलं की ती काही श्वास फक्त खडकाकडे बघत राहिली. आणि बघता बघता खडकाच्या भेगेतून नखाएवढा एक कोळंबीसारखा जीव बाहेर आला, काचेसारखा आरपार, आतली नस न् नस दिसणारा, आणि तिच्या हातमोज्यावर चढून बसला. पिंटू परत वर आला, दोन्ही हात जोडून माफी मागितली, आणि मग दोघंही त्या जिवाकडे बघत राहिले.

बोटीशी आल्यावर तिने पाण्यातच पट्टे सोडले, सगळं वजन पिंटूच्या हवाली केलं आणि मोकळ्या अंगाने, सावकाश, शिडी चढली. बाकावर बसली. इतर जण सिलिंडर ओढत होते आणि तिचे हात मांडीवर पडून होते. परक्या घरी पाहुणी म्हणून बसल्यासारखं तिला होत होतं. किनाऱ्यावर आल्यावर खरी गोष्ट सुरू झाली, वाट बघायची. लॉजच्या न्हाणीघरात कपडे काढून ती आरशासमोर उभी राहिली. पोट. मांड्या. दंड. गेल्या वेळी एवढ्यात खाज सुटली होती. आत्ताही सुटते आहे का? जिथे मन न्यावं तिथे खाजतच होतं. डाव्या हाताची बोटं अंगठ्याला लागली, करंगळीसुद्धा. तिने अंगावर कपडे चढवले आणि आईला फोन लावला.

"आली का वर?"

"आली."

"अंग पाह्यलं?"

"पाह्यलं. साफ आहे."

"पाठ?"

"पाठ मले कशी दिसन?"

"मंग कोनाले तरी दाखव ना," आई ओरडली. "का तेई मीच येऊन पाहू?"

उर्वशी फोन हातात घेऊन दाराशी उभी राहिली. अतुलची बायको ज्योत्सना व्हरांड्यात टॉवेल वाळत घालत होती. ती पाण्यात उतरत नसे, नवऱ्याची वाट बघत किनाऱ्यावर बसत असे, आणि आजवर दोघींचं चहाच्या पलीकडे बोलणं झालं नव्हतं. साधं वाक्य होतं. ते बोलायला तिला खाली निळ्यात न जाण्याहून जास्त जोर लावावा लागला.

"ज्योत्सनाताई, जरा माझी पाठ बघता का?"

ज्योत्सना टॉवेल टाकून लगेच आली. तिने उर्वशीला उजेडाकडे तोंड करून उभं केलं, सदरा वर केला आणि मानेपासून कमरेपर्यंत नीट बघितलं, तळवा फिरवूनसुद्धा. तिचा हात ओल्या टॉवेलमुळे गार होता. उर्वशी डोळे मिटून उभी होती. फोन चालूच होता, त्यातून आईचा श्वास येत होता.

"काही नाही. वाळू चिकटून आहे बस. झटकू?"

"झटका."

ज्योत्सनाने वाळू झटकली, सदरा खाली केला. "उद्या पुन्हा जाशील?"

"जाईन."

"मग उद्या पण दाखवजो," ती म्हणाली आणि टॉवेलकडे वळली.